वाकळेची टीप किती लांब असावी?

दिवाळी सरली आणि कापसाची पहिली वेचणी घरात आली की आमच्या बोरी गावात पेट्या उघडतात. जुनी लुगडी, धोतरं, विरलेल्या चादरी, मुलांचे आखूड झालेले गणवेश असं सगळं बाहेर निघतं, उन्हात पडतं आणि वाकळेची तयारी सुरू होते. परभणी जिल्ह्याच्या थंडीला कमी लेखू नये. २०१८ च्या डिसेंबरअखेर परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. त्या रात्री ज्यांच्या घरी चार-पाच थरांची वाकळ होती, त्यांना तिची किंमत कळली असेल.

पूर्वी वाकळ हातानेच शिवायची. दुपारची कामं उरकून चौघी-पाचजणी भोवती बसायच्या आणि धावदोरा घालत पुढे सरकायच्या. आता घरोघरी मशीन आहे, बचत गटातही आहे. पण ती मशीन आपण झंपर, परकर आणि पिशव्या शिवायला शिकलो. वाकळ तिच्यावर घेतली की पहिली अडचण येते ती टाक्याच्या लांबीची. शिवण शिकायला येणाऱ्या बायाबापड्या मला हाच प्रश्न सगळ्यात जास्त विचारतात, ‘ताई, टाका कितीवर ठेवू?’

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. साध्या सुती वाकळेला ३ ते ३.५ मिलिमीटरचा टाका ठेवा. इंचाच्या हिशेबात हे साधारण सात ते साडेआठ टाके होतात. ठिगळं एकमेकांना जोडताना २ ते २.२, काठाची पट्टी बसवताना २.५, आणि थर सरकू नयेत म्हणून घालायच्या कच्च्या टिपेला ५, किंवा मशीन जाईल तेवढा लांब. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं. पण उरलेलं निम्मं मशीनवरच्या आकड्यात सापडत नाही, ते तुमच्या कापडात असतं.

आधी आकड्याचा घोळ सोडवू. टाका म्हणजे सुई एकदा कापडात शिरल्यापासून दुसऱ्यांदा शिरेपर्यंत खालच्या दात्यांनी कापड जेवढं पुढे सरकवलं तेवढं अंतर. काळ्या पायमशीनच्या उजव्या खांबावर एक पट्टी असते, तिच्यात वर-खाली होणारा दांडा असतो. तो दांडा हे अंतर ठरवतो. गंमत अशी की सगळ्या मशीनच्या आकड्यांचा अर्थ एक नाही. नव्या मशीनवर १, २, ३, ४ असे आकडे असतात. ते बहुधा मिलिमीटर, म्हणजे आकडा वाढला की टाका लांबतो. जुन्या सिंगर पद्धतीच्या पट्टीवर ६, ८, १०, १२ असे आकडे दिसतात. ते इंचाला किती टाके पडतील ते सांगतात, म्हणजे आकडा वाढला की टाका आखूड होतो. एकीनं दुसरीला ‘आठवर ठेव’ म्हणून सांगायचं आणि दुसरीनं चारच्या पुढं आकडाच नाही म्हणून गोंधळायचं, हे मी कितीदा पाहिलंय. पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटरचा एक इंच. त्याला टाक्याच्या लांबीनं भागलं की इंचातले टाके मिळतात. अडीचला दहा, तीनला साडेआठ, साडेतीनला सव्वासात, चारला सव्वासहा. हे चार आकडे खडूनं मशीनच्या फळीवर लिहून ठेवा.

आता माझी एक चूक सांगते. माझ्या सासूबाईंचं इरकली लुगडं, दोनदा दंड घातलेलं, म्हणजे विरलेला भाग काढून धड भाग जोडलेलं, पार मऊ झालेलं. त्याची वाकळ करायला घेतली तेव्हा मशीनवर आदल्या दिवशी झंपर शिवलं होतं आणि टाका दीडवर होता. बारीक टीप म्हणजे पक्की टीप, असं तेव्हा मला वाटायचं. म्हणून तसाच राहू दिला. वाकळ दिसायला फार सुबक झाली. दुसऱ्या धुण्याला ती दोरीवर टाकली आणि ओल्या वजनानं टिपेच्या रेघेवरूनच सरळ फाटली. पोस्टाची तिकिटं पानावरून फाडतो ना, अगदी तशी. दोरा शाबूत होता, गेलं ते कापड. दीड मिलिमीटरच्या टाक्यात इंचाला सतरा भोकं पडतात. नवं मांजरपाट ती सोसतं. तीस वर्षं नेसलेलं लुगडं सोसत नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की वाकळेचा टाका ठरवताना पहिला विचार कापडाच्या वयाचा करावा. जितकं कापड जुनं आणि विरलेलं, तितकी भोकं कमी. फार मऊ लुगडं असेल तर साडेतीनच्या खाली येऊच नका. तिथं दोन रेघांमधलं अंतर कमी करा, टाका आखूड करू नका. मजबुती रेघांच्या संख्येतून मिळवायची.

मग याच्या उलट, टाका पाच-सहा मिलिमीटरचाच का ठेवू नये? हाताची वाकळ तर तेवढ्याच टाक्यांनी टिकत होती. हा प्रश्न रास्त आहे. फरक दोऱ्याचा आणि विणीचा आहे. हाताचा दोरा जाड, कधी दुहेरी. धावदोरा एका दोऱ्याचा, वर-खाली जाणारा, त्यामुळे त्यात थोडी सैल जागा असते. वाकळ ताणली तर तो थोडा सरकतो. मशीनच्या टिपेत दोन दोरे. वरचा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि दोघं थरांच्या मधोमध एकमेकांत अडकतात. ती गाठ सरकत नाही. दोराही बारीक. असा टाका फार लांब ठेवला तर कापडावर दोऱ्याचा मोकळा फास राहतो. त्यात झोपेत पायाची जोडवी अडकतात, पैंजणाचा आकडा अडकतो, तान्ह्या लेकराचं बोट अडकतं. शिवाय रेघेच्या दिशेनं ताण आला की दोरा सरळ तुटतो, कारण लांब टाक्यांच्या टिपेत वाकायला दोरा कमी असतो. साध्या वाकळेसाठी चारच्या पुढे गेलेली टीप मी कच्चीच समजते.

दोऱ्याचा हिशेबही एकदा मांडून बघा, डोळे उघडतात. समजा वाकळ पाच फूट रुंद आणि सात फूट लांब आहे. दोन-दोन बोटांवर, म्हणजे दीड इंचावर एक अशा लांबीच्या बाजूनं चाळीस रेघा मारल्या. नुसत्या टिपेची लांबी पंच्याऐंशी मीटर भरते. पण दोरा फक्त पुढे जात नाही, प्रत्येक टाक्याला थरांमध्ये खाली-वरही जातो. मशीनच्या फुटाखाली दबलेले थर दोन मिलिमीटर जाड धरले तर तीनच्या टाक्याला वरचा आणि खालचा मिळून साधारण २८५ मीटर दोरा लागतो. दीडच्या टाक्याला तोच ४०० मीटरच्या घरात जातो. सुईचे टोचेही अठ्ठावीस हजारांवरून सत्तावन्न हजारांवर. पायमशीनवर दुप्पट पाय मारायचे, तेही कापड अधू करण्यासाठी. टोचे मोजायला बसलं म्हणजे कळतं की ‘बारीक टीप’ ही वाकळेच्या बाबतीत कष्टाचीही उधळपट्टी आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पट्टीवर तीन लावलं म्हणजे वाकळेवर तीन पडतंच असं नाही. दोन थरांच्या कापडावर पडेल. पाच थरांवर दाते खालच्या थराला ढकलतात, वरचा थर फुटाखाली अडून राहतो आणि टाका अडीचचा, कधी दोनचाही होतो. त्यात वाकळेचं वजन. मी शिकायला आलेल्या एकीची टीप मोजली होती. वाकळेचा मोठा भाग मशीनच्या टेबलावरून खाली जमिनीकडे लोंबत होता. सुरुवातीला इंचाला आठ टाके, मध्यावर अकरा, आणि शेवटी लोंबणारा भाग संपल्यावर पुन्हा आठ. दांड्याला तिनं हातही लावला नव्हता. लोंबणारं वजन दात्यांच्या उलट ओढत होतं, एवढंच. आम्ही मशीनच्या डाव्या अंगाला बाज लावली, मागच्या बाजूला स्टूल ठेवलं, वाकळ दोन्हींवर पसरली. टाका लगेच सारखा झाला. म्हणून दांड्याला हात लावण्याआधी वाकळेला आधार द्या. ती मशीनच्या पातळीवर राहिली पाहिजे. आणि मागून ओढून मदत करू नका. ओढलं की सुई वाकते, खालच्या पत्र्यावर आपटून मोडते आणि टाका लांब-आखूड होतो तो वेगळाच.

काळ्या मशीनच्या हाताखाली सहा-सात इंचच जागा असते, म्हणून वाकळेची दोन्ही अंगांनी वळकटी करून मधली पट्टी मोकळी ठेवावी लागते. शिवायला सुरुवात मधल्या रेघेपासून करा आणि काठाकडे जा. हाताची वाकळ पुष्कळदा काठापासून आत येते. मशीनवर तसं केलं तर मध्ये झोळ साठतो आणि शेवटच्या रेघेत चुण्या पडतात. फुटाचा दाब वर असलेल्या स्क्रूनं थोडा सैल करता येतो. थर जाड असतील तर अर्धा-एक आटा सैल केला की वरचा थर कमी अडतो. वॉकिंग फूट नावाचा फूट मिळतो. त्याला वरून चालणारे दाते असतात, त्यामुळे वरचं आणि खालचं कापड एकाच चालीनं जातं. विकायसाठी वाकळा शिवायच्या असतील तर तो घ्यावा. घरच्या दोन वाकळांसाठी कच्ची टीप नीट घातली तरी पुरे. ती चार-चार इंचांवर घाला, हातानं घातली तरी चालेल.

आता नमुन्याचं. याला कंटाळू नका. ज्या वाकळेला हात घालणार तिचेच उरलेले तुकडे घ्या. वरचं लुगडं, खालचं अस्तर, मधले थर, सगळं तितक्याच थरांत. वीतभर रुंद आणि हातभर लांब पट्टी करा. तिच्यावर चार रेघा मारा, अडीच, तीन, साडेतीन आणि चारच्या. प्रत्येक रेघेशेजारी बॉलपेननं आकडा लिहा. मग टेपची दोन इंच जागा धरून टाके मोजा आणि निम्मे करा. एका इंचात मोजलं तर अर्ध्या टाक्याची चूक होते. मोजताना सुईच्या टोकानं एकेक टाका दाबत पुढे जा, नुसत्या डोळ्यांनी दहा आणि अकरातला फरक दिसत नाही. मोजून झालं की पट्टी भिजवा, घरी वाकळ जशी आपटून धुता तशीच धुवा, पिळा, वाळवा. वाळलेल्या पट्टीला दोन्ही हातांनी उभी-आडवी ओढा. जिथं दोरा तटकन तुटेल ती टीप लांब झाली. जिथं भोकांभोवतीचं कापड विसविशीत दिसेल ती आखूड. या दोन्हींच्या मधली जी राहील ती तुमची.

पट्टी उलटी करूनही बघा. वरचा दोरा तारेसारखा सरळ पडला असेल तर वरचा ताण जास्त आहे, खालचा दोरा सरळ पडला असेल तर वरचा ताण कमी. जाड थरांना वरचा ताण थोडा वाढवावा किंवा कमी करावा लागतो, दर वेळी तेच होतं असं नाही, म्हणून पट्टीवर बघूनच ठरवा. ताण बिघडलेला असताना टाक्याची लांबी बदलत बसू नका, काही उपयोग होत नाही. तसंच टाके सुटत असतील तर बहुतेक वेळा दोष सुईचा असतो. वाकळेला १६ नंबरची सुई, जीन्सचे तुकडे असतील तर १८ ची. प्रत्येक वाकळेला नवी सुई लावा. बोथट सुई जुन्या कापडाचे धागे बाजूला सारत नाही, तोडते. म्हणजे टाका बरोबर असूनही फाटण्याची रेघ तयार.

कापड बदललं की टाकाही बदलतो. टेरिलीन, जॉर्जेटच्या जुन्या साड्या मजबूत असतात पण निसटतात, आणि आखूड टाक्याला त्यांच्यावर चुण्या येतात. त्यांना साडेतीन ठेवा, रेघा थोड्या जवळ घ्या. जीन्स मध्ये आली तर साडेतीन ते चार. शाळेच्या गणवेशाचं टेरिकॉट तीनवर छान बसतं. आत पिंजलेला कापूस भरून दुलई करणार असाल तर वेगळा विचार लागतो. कापसाला जागेवर धरून ठेवणारं काहीच नसतं, तो धुतल्यावर गोळा होतो. म्हणून टाका तीनच ठेवा पण रेघा दोन इंचांच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि आडव्याही मारा. बाजारात मिळणारी फायबरची शीट आत असेल तर रेघा चार इंचांवर चालतात.

दाते खाली करून, हातानं कापड फिरवत फुलं-वेली काढायची पद्धत आता बऱ्याच जणी मोबाइलवर बघून करू लागल्यात. तिथं दांड्याचा काही संबंध राहत नाही. टाक्याची लांबी हाताच्या आणि पायाच्या वेगावर ठरते. पाय जोरात आणि हात हळू, तर टाका बारीक. हात जोरात, तर लांब. वळणावर हात आपोआप मंदावतो, म्हणून तिथं टाके दाटतात. जुन्या लुगड्यावर हे करू नका एवढंच सांगते. नव्या कापडावर शिका.

टिपेची सुरुवात आणि शेवट सैल सोडू नका. मागं-पुढं करणारा दांडा असेल तर तीन टाके उलटे घ्या. नसेल तर टाका एकवर आणून चार टाके घाला आणि मग तीनवर जा. हे आखूड टाके काठात, पट्टीखाली जातील असे घ्या, म्हणजे भोकांची अडचण होत नाही. ठिगळं जोडताना मी दोनचा टाका सांगितला त्याचं कारण हेच की तो जोड आतल्या बाजूला जातो, त्याच्यावर पुन्हा वाकळेच्या रेघा येतात, आणि तुकडे कापताना शिवणीची टोकं उघडी पडली तरी बारीक टीप उसवत नाही. ठिगळाचं कापड मात्र त्यातल्या त्यात दणकट निवडा. दंड घालताना जशी लुगड्याची धड बाजू शोधायचो, तशी.

वाकळेचं नातं फक्त आपल्या गावाशी नाही. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंदी, बंगालची कांथा, बिहारची सुजनी, राजस्थानची रल्ली, सगळ्यांत जुनं कापड आणि धावदोराच आहे. त्या शहरांत, परदेशांत चांगल्या किमतीला जातात त्या हाताच्या टाक्यासाठी. म्हणून एक विनंती बचत गटातल्या बायांना करते. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात माल नेणार असाल तर मशीनची वाकळ मशीनचीच म्हणून विका. तिची किंमत कमी असेल, पण तिचा टाका सारखा असेल, रेघ सरळ असेल आणि दोन वर्षांनी गिऱ्हाईक पुन्हा येईल. हाताची म्हणून विकलेली मशीनची टीप गिऱ्हाइकाला उलट बाजू बघताच कळते, कारण धावदोऱ्याला दोन्हीकडे टाक्यांमध्ये मोकळी जागा दिसते आणि मशीनच्या टिपेला ती नसते.

आणि ती नमुन्याची पट्टी फेकू नका. तिच्यावर कापड कोणतं, थर किती, सुई कितीची, रेघा किती बोटांवर, हे चार शब्द लिहा आणि मशीनच्या खणात टाका. माझ्या खणात अशा बऱ्याच पट्ट्या जमल्यात. पुढच्या वर्षी पेटी उघडाल तेव्हा आधी हा खण उघडा.